हिरवळीचा पुरावा

आषाढ लागला म्हणजे पुण्यातील सुशिक्षित मंडळींस सह्याद्रीची आठवण होते. शनिवारी-रविवारी नसरापूरच्या बाजूने मोटारींची रांग लागते, ती मार्गासनी आणि साखर ही गावे मागे टाकून गुंजवण्यास येऊन थांबते. समोर राजगड ढगांत अर्धा बुडालेला असतो, भातखाचरांत पाणी साचलेले असते, आणि ज्या उतारावर नजर जाईल तो उतार असा हिरवा दिसतो की पाहणाऱ्याने आपले कर्ज, कचेरी आणि मुलांच्या परीक्षा घटकाभर विसराव्या. हा आनंद निर्मळ आहे, आणि तो कोणी घेऊ नये असे म्हणण्याइतके आम्ही अरसिक नाही. आमचा वाद त्या आनंदाशी नाही. त्या आनंदातून आमचे शहाणे लोक जे एक अनुमान काढतात, त्याच्याशी आहे.

ते अनुमान आमच्या एका विद्वान स्नेह्यांच्या तोंडून ऐकले तसेच येथे सांगतो. फाल्गुनात आम्ही दोघे याच वाटेने गेलो असता गडाच्या अंगाचा एक अख्खा उतार वणव्याने जळून काळाठिक्कर पडलेला होता. आम्ही हळहळलो, स्नेही काही बोलले नाहीत. जुलैत पुन्हा जाणे झाले तेव्हा त्यांनी त्याच उताराकडे छत्रीचे टोक रोखून विजयी मुद्रेने विचारले, "हाच ना तो तुमचा जळालेला डोंगर? आता सांगा, काय बिघडले? तुम्ही लोक वणव्याचा फार बाऊ करता. सृष्टी आपले नुकसान आपणच भरून काढते." हे मत त्यांचे एकट्याचे असते तर आम्ही त्यासाठी कागद खर्च केला नसता. परंतु हेच मत दिवाणखान्यांत ऐकू येते, गावच्या पारावर ऐकू येते, आणि ज्यांच्यावर डोंगर राखण्याची जबाबदारी आहे त्यांच्याही मनात कोठे तरी घर करून बसलेले दिसते. त्याचा पराभव करणे अवघड आहे, कारण डोळे त्याला जामीन राहतात.

आमच्या नैयायिकांनी अनुमानाचे उदाहरण म्हणून डोंगरावरचा धूरच निवडला, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान खरे; कारण अग्नीवाचून धूर कोणी पाहिलेला नाही. परंतु हिरवळ दिसली म्हणजे तेथे माती शाबूत आहे, हे अनुमान त्याच जातीचे आहे काय? चार बोटे मातीवर गवत येते. दोन बोटे मातीवरही येते. कौलांच्या फटीत साचलेल्या चिमूटभर धुळीवरसुद्धा येते. तेव्हा हिरवळ ही मातीच्या अस्तित्वाची साक्ष फार तर देऊ शकेल, तिच्या मापाची देऊ शकणार नाही. आणि येथे भांडण आहे ते मापाचेच.

हे समजण्यास फार शास्त्र नको, पंचांग पुरे. पावसाळा संपताना मावळातील डोंगरावर कमरेइतके गवत उभे असते, ते पौषापर्यंत वाळून पिवळे पडते. माघापासून वैशाखापर्यंतचे दिवस वणव्याचे. वैशाखात वळीव कोसळतात, ज्येष्ठात मृग येतो. आता वाचकांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, जळालेल्या उतारावर गवत पुन्हा उगवण्यास पाऊस लागतो. म्हणजे पहिला पाऊस हा नेहमी उघड्याच जमिनीवर पडणार. वणवा आणि हिरवळ यांच्या दरम्यान पहिल्या पावसाचे जे तीन-चार आठवडे असतात, त्यांत जे घडावयाचे ते घडून जाते. आमचे स्नेही फाल्गुनात आले आणि आषाढात आले. मधल्या ज्येष्ठात ते पुण्यास होते. चोरी झाली त्या रात्री परगावी असलेल्या माणसाने परत आल्यावर घराला नवा चुना लावलेला पाहून चोरी झालीच नाही असा निर्वाळा द्यावा, तसा हा प्रकार आहे.

त्या तीन-चार आठवड्यांत काय घडते? वळवाचा थेंब मोठा असतो. असा थेंब जमिनीवर येतो तो सेकंदाला सुमारे ३० फूट वेगाने येतो. गवत किंवा पाचोळा असला की तो त्यावर फुटतो, त्याचा वेग तेथेच जिरतो आणि पाणी काडीकाडीने खाली उतरते. गवत व पाचोळा जळून गेला असला की तोच थेंब मातीवर हातोड्यासारखा बसतो, ढेकूळ फोडतो, बारीक कण उडवितो. १९४४ मध्ये एलिसन या अमेरिकन संशोधकाने थेंबांच्या या माराचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, तोपर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांचेही लक्ष वाहत्या पाण्याकडेच होते. पडत्या पाण्याकडे नव्हते. पण गोष्ट येथेच थांबत नाही. त्याच्याही आधी, १९३० साली, लाउडरमिल्क याने कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग करून दाखविला. त्याने काही मातीवरचा पाचोळा तसाच ठेवला, काहींवरचा जाळून टाकला, आणि दोन्हींवर पाणी पाडून खाली काय येते ते मोजले. लोकांची समजूत अशी की, पाचोळा स्पंजासारखा पाणी शोषून घेतो म्हणून ते वाहत नाही. लाउडरमिल्कला दिसले ते निराळे. पाचोळ्याचे खरे काम पाणी शोषण्याचे नसून पाणी स्वच्छ ठेवण्याचे आहे. उघड्या मातीवर पाणी गढूळ होते, तो गाळ जमिनीची बारीक छिद्रे बुजवितो, आणि छिद्रे बुजली की पुढचे सारे पाणी आत न शिरता उतारावरून धावत सुटते. म्हणजे जमीन तीच, पाऊस तोच, पण तिचे तोंड तिच्याच मातीने बांधले जाते.

आता हे गुंजवण्यास लावून पाहावे. पुण्यात वर्षास २८-२९ इंच पाऊस पडतो. वेल्ह्याच्या बाजूस घाटमाथ्याकडे सरकत गेले की तो शंभर इंचांची गोष्ट बोलू लागतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर ते पाणी सुमारे १०० टन भरते. राजगडाचे उतार काही ओट्यासारखे सपाट नाहीत. चोरदरवाज्याच्या वाटेने जो चढला आहे त्यास ते सांगावयास नको. त्या उतारांवर माती किती? कातळावर कोठे वीतभर, कोठे चार बोटे, कोठे नुसता मुरूम. अशा मातीवरून एका पावसाळ्यात एक मिलिमीटर जाडीचा पापुद्रा गेला तर आमच्या स्नेह्यांच्या छत्रीच्या टोकास तो दिसणार आहे काय? मुळीच नाही. परंतु एकरी हिशेब केला तर तो पापुद्रा सुमारे पाच टन भरतो. बैलगाड्यांत भरून नेला असता तर गावाने आरडाओरड केली असती. पाण्याने नेला म्हणून कोणी ब्र काढीत नाही. आणि हा पापुद्रा वरचा असतो, म्हणजे ज्यात कुजलेला पाला, मुळांचे तंतू आणि कस असतो तोच. खालचा मुरूम राहतो, त्यास कोणी नेत नाही.

येथे प्रतिपक्षास न्याय देणे आमचे कर्तव्य आहे, कारण वणव्याविरुद्ध बोलणारेही वाटेल ते बोलतात. कॅलिफोर्नियातील झुडपांच्या रानात किंवा पाइनच्या जंगलात जो वणवा लागतो, तो तासन् तास भट्टीसारखा धुमसतो. तेथे पाल्यातील मेणचट द्रव्ये वाफ होऊन जमिनीत उतरतात आणि पाणी झिडकारणारा एक थर तयार होतो. आमच्याकडच्या गवताचा वणवा तसा नाही. तो वाऱ्यावर धावत येतो आणि काही मिनिटांत पुढे निघून जातो. बोटभर खाली माती फारशी तापत नाही, गवताची मुळे बहुधा जगतात. म्हणून तिकडच्या ग्रंथांतील सारे अनर्थ उचलून सह्याद्रीवर चिकटविणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्याचप्रमाणे दर दरडीमागे वणवा शोधणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले, दीडशेंवर माणसे मेली. त्या दुःखाचा उपयोग आमच्या बाजूच्या वकिलीसाठी करण्याची आमची इच्छा नाही. अतिवृष्टी आणि डोंगराची पोकळ झालेली घडण यांनी काय होते, हा वेगळा विषय आहे.

एवढेच नव्हे, आम्ही याहूनही एक पाऊल मागे जातो. एखाद्या वर्षी एखादा उतार जळाला आणि पुढे पाच-सात वर्षे त्यास कोणी हात लावला नाही, तर स्नेह्यांचे म्हणणे बरेचसे खरे ठरेल. सृष्टी आपले नुकसान भरून काढते, हे आम्हांसही मान्य आहे. पण तिला मुदत लागते. सावकारसुद्धा मुदत देतो. आम्ही देत नाही. जो उतार गेल्या फाल्गुनात जळाला तो औंदाही जळणार, पुढल्या वर्षीही जळणार. आणि मग जी हिरवळ येते ती तरी पूर्वीचीच असते काय? जनावरे जे चवीने खातात ते मारवेल, शेडा, पवन्या यांसारखे गवत राखलेल्या रानात वाढते. दरसाल जळणाऱ्या उतारावर राज्य होते ते कुसळीचे. तिच्या बियांस कुसळे असतात, ती ओल लागताच पिळा घेऊन मातीत शिरतात आणि बी आगीपासून वाचते. ज्या मंडळींनी गडावर जाऊन घरी मोज्यांतील कुसळे वेचली आहेत, त्यांनी ते गवत कशाने माजले याचाही विचार कधी करावा. 'जाळले की चारा चांगला येतो' ही म्हण गुराख्यांत आहे. पहिल्या पंधरवड्यापुरती ती खोटी नाही, कारण जुनी वाळकी काडी गेली की कोवळा कोंब मोकळा दिसतो आणि राखेचा थोडा कस त्यास मिळतो. पंधरवड्यानंतर मात्र तो कोंब कुसळीचा असतो, आणि राखेतील उरलेला कस ओढ्यातून निघून गेलेला असतो.

झाडाझुडपांचीही तीच कथा. कुंभा टिकतो, त्याची साल जाड आणि तंतुमय, इतकी की तिच्या तंतूंची वात एके काळी तोड्याच्या बंदुकांस लावीत. पळस टिकतो. पण जांभूळ, अंजनी, हिरडा यांची कोवळी रोपे सलग तीन उन्हाळे आग सोसून वर येतील, ही आशा कोणी करू नये. कारवीचे तर विशेषच आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. ज्या उन्हाळ्यात तिचे बी वाळलेल्या खोडांखाली पावसाची वाट पाहत पडलेले असते, त्याच उन्हाळ्यात ती खोडे उत्तम सरपण झालेली असतात. कडेकपारीची माती मुळांच्या जाळ्यात धरून ठेवणारे हे झुडूप. त्याच्या एका पिढीचा सारा वारसा त्या एका उन्हाळ्यात दावणीला लागतो. फुले पाहावयास आपण गर्दी करतो. बी पडलेल्या उन्हाळ्यात तिकडे कोण फिरकते?

आता वणवा लावतो कोण? आमच्या वर्गात याचे उत्तर तयार असते: अडाणी गावकरी. या उत्तराचा इतिहास जुना आहे, आणि तो फारसा भूषणावह नाही. इंग्रजी अमलात जंगलखात्याने डोंगर राखून घेतले तेव्हा ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत राबावरून मोठी तक्रार उठली. तिच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये एक कमिशन नेमावे लागले आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर आला. राब म्हणजे वणवा नव्हे. भाताचे किंवा नाचणीचे रोप ज्या लहानशा वाफ्यात करावयाचे, तेथे शेण, पाला, काटक्या व गवत यांचे थर देऊन ते जागच्या जागी जाळावयाचे. चहूकडे माणूस उभा असतो आणि आग वाफ्याबाहेर जात नाही. झाडांची डहाळी किती तोडावी हा वाद त्यात होता व आहे. पण वाफा जाळणारा आणि डोंगर पेटविणारा यांस एकाच दोरीने बांधणे हे ज्यांस शेतीची एक काडी ठाऊक नाही त्यांचेच काम.

या बाबतीत जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' यात जे म्हटले आहे ते आमच्या पदवीधरांनी अवश्य वाचावे. त्यांचा सांगण्याचा भाव असा की, पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले जीवजंतू हे सर्व कुजून त्यांचा अर्क वळवाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरत असे आणि शेते त्यावर पिकत. पुढे ते असेही सुचवितात की, सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली व बंधारे घालवून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे. जंगलखात्याच्या जाचाविरुद्ध त्यांच्याइतके कडक कोणी लिहिले नाही. आणि डोंगराच्या कुजलेल्या पाल्याची किंमत त्यांच्याइतकी स्पष्ट कोणी सांगितली नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात, हे आम्हांस त्यांच्यापासून शिकावयाचे आहे. कोणी म्हणेल, डोंगराची माती वाहून खालच्या खाचरांत येते म्हणजे शेतकऱ्याचा फायदाच नव्हे काय? फुल्यांनी वर्णिलेला अर्क उतरत असेल तर फायदाच. पण अर्क तयार व्हावयास पाला कुजावा लागतो. जळालेल्या पाल्याचा अर्क होत नाही. पहिल्या सरीला राख येते, मग गाळ येतो, आणि काही वर्षांनी येतो तो मुरूम व गोटे, जे खाचरातून उचलून बांधावर टाकण्यात त्याच शेतकऱ्याच्या बायकामुलांचा दिवस जातो.

तेव्हा वणवा लावणाऱ्यांची यादी करावयाचीच तर ती सबंध करावी. चाऱ्याच्या आशेने काडी टाकणारा गुराखी तीत आहे. शिकारीसाठी किंवा मधासाठी रान पेटविणारा आहे. पायवाटेवरची कुसळे नकोत म्हणून ती जाळणारा आहे. विडीचे थोटूक फेकणाराही आहे. पण त्यांच्याच शेजारी ते आहेत, जे डोंगराचा तुकडा विकत घेतात आणि 'साफसफाई' म्हणून आधी त्यास आग लावतात, म्हणजे मग मोजणी सोपी होते आणि गिऱ्हाईकास कुंपण स्पष्ट दिसते. आणि तेही आहेत, जे गडाच्या पायथ्याशी रात्री मुक्कामास येतात, चूल पेटवितात, गाणी म्हणतात आणि निखारे तसेच टाकून सकाळी गड चढू लागतात. या शेवटच्या दोन वर्गांत आमच्या या मासिकाचे वर्गणीदार नसतीलच, अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. तो अधिनियम गुराख्यास सापडतो, मोटारवाल्यास सहसा सापडत नाही.

यातील एका गोष्टीचा आम्हांस विशेष विषाद वाटतो. जे निखारे टाकून जातात तेच बहुधा छत्रपतींचा जयजयकार सर्वांत मोठ्याने करतात. राजगड ही शिवाजी महाराजांची राजधानी. २०२५ च्या जुलैत ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत तो आहे, आणि त्या दिवशी आम्हीही आनंदलो. पण महाराजांच्या राजनीतीचा सारांश ज्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवला, त्या रामचंद्रपंत अमात्यांनी गडासंबंधी काय सांगितले आहे? गडाभोवतीची दाट झाडी हीच गडाची राखण होय. ती यत्नाने वाढवावी आणि तीतील एक काठीही तोडू देऊ नये. गडावरच्या केरकचऱ्याविषयी ते म्हणतात की, तो खाली न टाकता जागच्या जागी जाळावा व ती राख परसात घालून भाजीपाला करावा. आग कोठे लावावी आणि कोठे लावू नये, याचा इतका बारीक विचार ज्या राज्यात झाला, त्याचे वारसदार म्हणविणाऱ्यांनी कचरा उतारावर भिरकवावा आणि झाडीस आग द्यावी! बुरुजांचे चिरे बसविण्यासाठी वर्गण्या गोळा होतात, त्या व्हाव्यातच; परंतु ज्या उतारावर तो बुरुज उभा आहे तो उतार दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली जातो आहे, त्याची वर्गणी कोणी मागत नाही.

हा केवळ गडाचा व गवताचा प्रश्न असता तर तो रसिकांवर सोपविता आला असता. हा प्रश्न पाण्याचा आहे. शंभर इंच पाऊस झेलणाऱ्या मावळात चैत्र-वैशाखात बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याची वाट तुडवितात, हे दृश्य हिरवळ पाहणाऱ्यांच्या ऋतूत दिसत नाही. झरा चैत्रात वाहतो तो चैत्रातल्या पाण्यावर वाहत नाही. आषाढ-श्रावणात डोंगराने जे पोटात घेतले त्यावर वाहतो. डोंगराचे तोंड बांधले गेले की ते पाणी पोटात न जाता पायथ्याशी जाते, ओढ्यास एका रात्रीत पूर येतो आणि दुसऱ्या दिवशी ओढा पुन्हा गुडघ्याखाली येतो. हे पाणी वाया जात नाही, ते धरणात जाते, असे कोणी सांगेल. धानेपजवळच्या गुंजवणी धरणात ३.६९ अब्ज घनफूट पाणी मावते, आणि वेल्हे, भोर व पुरंदर या तीन तालुक्यांनी त्यावर आशा ठेवल्या आहेत. परंतु धरणात पाण्याबरोबर काय जाते? १९८३ साली ध्रुवनारायण व रामबाबू यांनी साऱ्या भारताचा हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, वर्षास सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी १६ टनांहून अधिक. तीतील सुमारे २९ टक्के समुद्रास मिळते आणि १० टक्के धरणांच्या तळाशी बसते. धरणाच्या तळाशी बसलेल्या मातीस पीक येत नाही, आणि तिने अडविलेल्या जागेत पाणी राहत नाही. डोंगरावरच्या माणसाचे आणि पुरंदरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे असे दोघांचेही नुकसान एकाच काडीने होते.

यावर सरकार काही करीत नाही असे नाही. झाडे लावते. २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प महाराष्ट्रात झाले. आकडे पाहून छाती दडपते. पण जुलैत लावलेले रोप पुढल्या मार्चमध्ये हातभर उंचीचे असते आणि त्याच्या चहूबाजूंस कमरेइतके वाळके गवत असते. पहिल्याच वणव्यात कोणाचा निकाल लागेल हे सांगण्यास वनस्पतिशास्त्र नको. उतारावर सलग समतल चर खणतात, तेही योग्य ठिकाणी उत्तम. परंतु वरचा उतार उघडा असेल तर दोन पावसाळ्यांत ते चर गाळाने भरतात आणि मग पाणी त्यांवरून उडी मारून जाते. या सर्वांत एक मनोवृत्ती आहे. नवे करण्याचा समारंभ होतो, आहे ते राखण्याचा होत नाही. रोप लावताना छायाचित्र काढता येते. न लागलेल्या वणव्याचे छायाचित्र कसे काढणार?

राखण्याचे काम नीरस आहे, पण अवघड नाही. गवत कार्तिक-मार्गशीर्षात, ते वाळून कोळ होण्यापूर्वी, कापून न्यावे. चारा मिळतो आणि आगीचे जळण कमी होते. माघाच्या आत जाळरेषा काढून त्या झाडून स्वच्छ ठेवाव्या. हे गावाने करावे आणि गावास त्याची मजुरी मिळावी. एका वनरक्षकाच्या अंगावर अनेक डोंगर टाकून काय होणार? आणि इतके करूनही उतार जळालाच, तर हातावर हात ठेवून जुलैची वाट पाहू नये. फाल्गुनापासून मृगापर्यंत दोन-तीन महिने हाती असतात. कॅलिफोर्नियात २०१७ च्या डिसेंबरात जळालेल्या डोंगरांवर ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे मोठा पाऊस झाला आणि माँटेसिटो या संपन्न वस्तीवर चिखल व धोंडे यांचा लोंढा येऊन २३ माणसे गेली. तेथे आग आणि पाऊस यांत जेमतेम महिना होता. आम्हांस त्याहून अधिक अवधी देव देतो. जळालेल्या उतारावर बी फेकण्यापेक्षा पेंढा पसरणे अधिक गुणकारी, असा अमेरिकन वनखात्याचा अनुभव आहे, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या पंचांगातच आहे: बी उगवावयास पाऊस लागतो, पेंढा पावसाआधी पसरता येतो. भात पिकविणाऱ्या मुलखास पेंढा काय आहे हे शिकवावयास नको. सारा डोंगर झाकता येणार नाही हे आम्ही जाणतो; पण झऱ्यावरचा चढ, वस्तीवरचा चढ, ओढ्याची दोन्ही अंगे एवढी तरी फांद्या आडव्या घालून व पेंढा पसरून झाकता येतील. आणि त्या पावसाळ्यापुरती तेथे गुरे सोडू नयेत. त्याची भरपाई गुरांच्या मालकास द्यावी, नुसता उपदेश देऊ नये.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर भोर-वेल्ह्याच्या एखाद्या देवराईत जाऊन पाहावे. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातील देवराया हिंडून त्यांची नोंद केली, तेव्हा विद्वानांस त्यांचे महत्त्व कळले. गावास ते आधीच ठाऊक होते. वाघजाईच्या किंवा काळूबाईच्या नावाने राखलेल्या दोन-चार एकरांत पाय ठेवला की पाचोळ्यात घोटा बुडतो, आणि पुष्कळदा तेथेच गावचा बारमाही झरा असतो. देवराईत जाऊन कोणी काडी ओढीत नाही. देवीच्या धाकाने जे दोन एकरांत साधले, ते कायद्याच्या धाकाने दोनशे एकरांत का साधत नाही, याचे उत्तर आमच्या मते धाकाच्या प्रकारात नाही. देवराई गावाची आहे असे गावास वाटते; बाकीचा डोंगर कोणाचा, हे गावास नीटसे कोणी सांगितलेले नाही.

आमच्या स्नेह्यांस आम्ही एवढीच विनंती केली आहे की, पुढल्या खेपेस त्यांनी आषाढाऐवजी ज्येष्ठात, मृगाची पहिली मोठी सर पडून गेल्यावर, गुंजवण्यास यावे. चिखल असेल, ढग उतरलेले नसतील, देखावा म्हणण्यासारखे फारसे काही नसेल. त्यांनी दोन स्वच्छ बाटल्या बरोबर आणाव्या. एक देवराईतून येणाऱ्या ओहोळावर भरावी, दुसरी जळालेल्या उताराखालच्या ओढ्यावर भरावी, आणि घरी दिवाणखान्याच्या फळीवर आठ दिवस हालवू न देता ठेवावी. ते येतो म्हणाले आहेत. मात्र मोटार गावापर्यंत जाईल ना, असे त्यांनी दोनदा विचारून घेतले.